दरड वाढली

विहिरी खोदणाऱ्या यंत्रांवर माझं पोट चालतं आणि मला विहिरीची भीती वाटते. ही गोष्ट मी देवगाव फाट्यावर बरीच वर्षं लपवून ठेवली होती. फाट्यावर माझं पत्र्याचं शेड आहे. पोकलेनच्या मोटरी आणि पंप उघडायचे, आतली झिजलेली सीलं काढून नवी बसवायची, हे माझं काम. माझी एकच अट असे, मोटर काढून शेडमध्ये आणा. मिस्तरी सफाईचा फार पक्का, उघड्या धुळीत मोटर खोलत नाही, असं माझं नाव झालं होतं. मीही ते होऊ दिलं. वास्तविक माझ्या शेडातली धूळ शेतातल्या धुळीपेक्षा जुनी आणि जास्त मुरलेली आहे. पण शेड जमिनीच्या वर आहे.

त्या मे महिन्यात वालूरकडच्या एका मालकाचा फोन आला. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. गावात आडत दुकान, गावाबाहेर जमीन, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि बोलणं इतकं सावकाश की फोनवर रेंज गेली की काय असं वाटावं. नव्या विहिरीचं काम चाललं होतं. पोकलेन तळाशी उतरली होती आणि तिची डावी चेन जाम झाली होती. मशीन चढ चढेना. मी माझी अट सांगितली. अप्पा म्हणाले, मशीनच वर येईना तर मोटर कुठून आणू, तुमीच या. मी म्हणालो, अंगात कणकण आहे. अप्पांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग तर याच. खाली लय गार हाय. बरं वाटंल."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला.

विहीर पाच परस खोल गेली होती, म्हणजे एकाच्या डोक्यावर एक अशी पाच माणसं उभी राहतील एवढी. एका अंगाने मशीन उतरायला उतार केलेला. वरचा थर काळ्या मातीचा, खाली मुरूम, त्याखाली दगड. काळी माती मे महिन्यात कशी तडकते ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. पण इथं एक भेग काठाला समांतर चालली होती. चांगली लांब, माझा पंजा आडवा जाईल एवढी रुंद. काठ आणि भेग यांच्यामधली माती चतकोर भाकर मोडून पुन्हा ताटात लावून ठेवावी तशी दिसत होती. मी वाकून खाली बघितलं. पोकलेनचं डावं अंग, म्हणजे मला जिथं गुडघे टेकून बसायचं होतं ती जागा, नेमकी त्या चतकोराच्या खाली होती.

मी म्हणालो, "अप्पा, ही दरड पडंल."

"काय म्हणलास?"

हे अप्पा बोलले नव्हते. मागं लिंबाच्या सावलीला त्यांची आई बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर कापूस, शेजारी पूजेचं ताट. पाणी लागेल तेव्हा घाई नको म्हणून म्हातारी सकाळपासून वाती वळत होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि शाळेत पहिल्या बाकावरच्या पोराला समजवावं तसं समजावलं. नव्या विहिरीवर पडणं, बुडणं, फुटणं हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जमीन ऐकत असते.

"मग काय म्हणू, माय?"

"नारळ फुटला म्हणतो का आपण? वाढला म्हणतो. दिवा इझला म्हणतो का? दुकान बंद केलं म्हणतो का? वाढवलं म्हणतो. तसं म्हण."

मी अप्पांकडं वळून अदबीनं म्हणालो, "अप्पा, ही दरड वाढंल." म्हातारीचं समाधान झालं. अप्पा मिशीत हसले आणि संध्याकाळी बघू म्हणाले. अशा रीतीनं व्याकरण दुरुस्त झालं आणि भेग राहिली.

खाली उतरलो. उतार काही उभा नव्हता, बैलगाडी गेली असती, पण मी भिंतीला हात लावून एकेक पाऊल टाकत होतो. तळाशी पोचल्यावर वर बघितलं तर आकाश परातीएवढं. वर रणरणतं ऊन आणि खाली अंगावर काटा येईल असा गारवा. बोललेला शब्द भिंतीला लागून परत यायचा, त्यामुळं माझा श्वास मलाच मागून कुणीतरी घेतल्यासारखा ऐकू येत होता.

ऑपरेटर पेडगावचा. गालात तंबाखू, चेहरा निवांत. तो म्हणाला, "उस्ताद, कालपासून एका पायावर नाचायलीय मशीन." ते दिसतच होतं. उजव्या चेनवर जोर देऊन त्यानं मशीन जागच्या जागी फिरवायचा प्रयत्न केला होता आणि त्या नाचात दरडीचा पाया बकेटनं चांगला खरवडून काढला होता. चतकोर आता खालूनही मोकळा होता. मी ते बघितलं. बोलायला शब्दच उरले नव्हते, सगळे म्हातारीनं काढून घेतले होते.

चेन जाम का होते ते थोडक्यात सांगतो. चेन फिरवणाऱ्या मोटरीत एक ब्रेक असतो. तो नेहमी लागलेला असतो आणि तेलाच्या दाबानंच सुटतो. तो दाब अडवून धरायचं काम एका रबरी कड्याचं, म्हणजे सीलचं. सील झिजलं की दाब बाजूनं निसटतो, ब्रेक धरलेलाच राहतो आणि एवढी थोरली मशीन हट्टी रेड्यासारखी बसून राहते. काम अवघड नाही. मागचं झाकण काढा, सील बदला, झाकण लावा. शेडमध्ये मी ते गाणं म्हणत करतो.

इथं मी पहिला बोल्ट सोडण्याऐवजी आवळला. माझा एक डोळा पान्ह्यावर आणि दुसरा दरडीवर होता. ऑपरेटर थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "उस्ताद, वर काय बघायलात? मोटर खाली हाय."

मोटरीतलं जास्तीचं तेल टाकीत परत नेणारा एक बारीक पाइप असतो. तो सोडला तसं त्यातून टाकीतलं तेल गळायला लागलं. त्याच्या तोंडाला बोळा लावायला हवा होता. माझी चिंध्यांची पिशवी वर, मोटारसायकलला. तिच्यासाठी पुन्हा चढायचं म्हणजे पुन्हा उतरायचं आलं. तेवढ्यात माझी नजर पूजेच्या ताटावर गेली. मी बोल्टांशी झगडत असताना म्हातारीनं ते खाली पाठवून दगडाच्या एका कपारीत ठेवायला लावलं होतं. नारळ, विभूती, कापूर, वाती आणि वातींचा उरलेला कापूस. मी कापूस उचलला, घट्ट पिळून बोळा केला आणि पाइपात बोटभर आत दाबला. गळती थांबली. त्या दिवसात मला जमलेली ती पहिली गोष्ट. मी स्वतःवर खूश झालो आणि तिथंच ती विसरलो.

झाकण निघालं. आतलं सील वाळलेल्या कारल्याच्या काचरीसारखं झालं होतं. नख लावलं तर कडेचा तुकडा हातात आला. मी ते उन्हाकडं धरून बघत होतो, म्हणजे खरं तर उन्हाकडंच बघत होतो, आणि रिकामा बसलेला ऑपरेटर पहारीनं समोरच्या कपारीशी चाळा करत होता. तिथून एक दगड निघाला आणि त्याच्यामागून गढूळ पाण्याची करंगळीएवढी धार आली. मग अंगठ्याएवढी. ऑपरेटरनं वर तोंड करून सांगितलं, अप्पा, लागलं.

आमच्याकडं मे महिन्यात पाच परसांवर पाणी लागणं म्हणजे काय, ते वरच्या आवाजावरून कळलं. म्हातारीनं शिवाचं नाव घेतलं. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा भरभर बोलायला सुरुवात केली. मला आनंद व्हायला हवा होता. पण पाणी माझ्या चपलेत शिरलं होतं आणि उघडी मोटर जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर होती. गढूळ पाणी एकदा तिच्यात गेलं की नव्या सीलचं काय, मोटरीचंच वाटोळं. मी ओरडून पंप लावायला सांगितलं.

अप्पांनी काठावरून डोकं काढलं. पंप तयार होता, पण लावता येत नव्हता. पहिलं पाणी पूजेआधी उपसायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. पूजा करणार वालूरचे स्वामी. आणि स्वामी निघाले होते.

"कुठपर्यंत आलेत?" मी विचारलं.

"निघालेत म्हणजे, अंगूळीला गेलेत."

पाणी लागल्याची बातमी स्वामींपेक्षा वेगानं निघाली होती. शेजारच्या आखाड्यांवरून, म्हणजे शेतांतल्या वस्त्यांवरून, माणसं आली, रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली थांबल्या. ऑपरेटर ताट भिजू नये म्हणून ते वर देऊन आला. झरा ज्या अंगाला लागला होता, तो नीट दिसायचा तर एकाच जागेवरून दिसत होता. लिंबाची सावलीही त्याच जागेवर होती. सगळे येऊन चतकोरावर उभे राहिले.

पहिलं ढेकूळ चेनवर पडलं, टप्प. दुसरं माझ्या खांद्यावर. मी सदरा काढून उघड्या मोटरीवर टाकला आणि मान वर केली. काठावर चपलांची एक रांग होती. काही चपलांचे अंगठे काठाच्या बाहेर आलेले. बायका होत्या, एकीच्या कडेवर लेकरू होतं. आणि त्यांच्या पावलांखाली, मातीच्या पोटात, वरून त्यांना दिसत नव्हती अशी एक बारीक रेघ आडवी पुढं सरकत होती. ती रेघ मी आजही झोपेत बघतो. तोपर्यंत मी स्वतःसाठी भ्यालो होतो, ती भीती म्हणजे पोरखेळ होता. आता तो चतकोर सुटला असता तर ती सगळी माणसं, ते लेकरू, सगळे मातीसकट पाच परस खाली आले असते. आणि हे ठाऊक असलेला त्या शिवारात मी एकटा होतो.

मी ओरडलो. पण काय ओरडलो? भ्यालेला माणूस शेवटी शिकवलेलं तेच बोलतो. माझ्या तोंडून निघालं, "मागं व्हा, वाढायलीय!"

वरून कुणीतरी विचारलं, काय म्हणतोय मिस्तरी?

"वाढायलीय! वाढायलीय!"

दरड वाढायलीय आणि पाणी वाढायलंय, यातला फरक एका वेलांटीचा. तो पाच परस वर जाईपर्यंत विरून गेला. मिस्तरी म्हणतोय पाणी वाढायलंय, अशी आरोळी वर फिरली आणि मागची रांग पुढच्या रांगेला ढकलून पुढं आली. एका बापानं लेकरू दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं. माझ्या डोक्यावर मातीचा बारीक पाऊस सुरू झाला.

आता सरळ पडंल म्हणायला काय हरकत होती? मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी ऑपरेटरला खुणेनं वर दाखवलं. तो म्हणाला, "तुमीच सांगा की, तुमचा आवाज मोठाय." मग त्यानं वर बघितलं. तंबाखू थुंकली, केबिनमध्ये चढला आणि दार लावून घेतलं. काचेतून त्यानं हातानं सांगितलं, लवकर आवरा, मी मशीन काढतो.

आवरलं. नवं सील बोटांतून दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं गोल रबरी कडं, खोबणीत दाबली, झाकण लावलं, बोल्ट आवळले. या वेळी बरोबर दिशेनं. पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. मी तेल परत नेणारा पाइप हातात घेतला, आणि तेवढ्यात वरून म्हातारीचा आवाज आला, "अरं वातीचा कापूस कुठंय? ताटात हुता की."

मी तो आवाज स्पष्ट ऐकला. एवढ्या माणसांच्या पायाखालची माती चाललीय आणि या बाईला कापसाची पडलीय, असंही मनात आलं. आणि मी पाइप जोडून नट घट्ट केला.

ऑपरेटरनं मशीन चालू केली. चेन थरथरली, अडली आणि सुटली. मशीन आपल्या लांबीएवढी पुढं सरकून उताराला तोंड लावून आली. मला रडू यायचं बाकी होतं. आणि मग मोटरीतून शिट्टी आली. प्रेशर कुकरला पहिली शिट्टी यायच्या आधी येते तशी, बारीक, चढत जाणारी. मोटरीतल्या तेलाला टाकीत जायला वाट नव्हती. वाटेत म्हातारीचा कापूस बसला होता.

फट्ट झालं. झाकणाखालून ओ-रिंग जिभेसारखी बाहेर आली आणि तेलाचा पंखा उडाला, भिंतीवरून थेट काठापर्यंत. पहिल्या रांगेच्या धोतरांवर शिंतोडे गेले. आणि माझा आवाज परत आला. सकाळपासून अडवून ठेवलेले सगळे शब्द एकदम आले. "फुटलं! पडंल! मरताल सगळे!"

लोकांना वाटलं मशीनचा स्फोट होतोय. एवढी माणसं एकाच वेळी एकाच दिशेला पळताना मी पुन्हा बघितली नाहीत. मीही उतारानं पळत सुटलो. मशीन बंद करून ऑपरेटर माझ्या मागून निघाला आणि माझ्या आधी वर पोचला.

दरड आवाज करून पडते असं मला वाटायचं. ही तशी नाही पडली. आधी चाळणीतून पीठ गळावं तशी काठावरून माती गळाली. मग तो अख्खा चतकोर जरासा पुढं वाकला, खाली काय आहे ते बघितल्यासारखा, आणि बसला. धप्प. धूळ वर आली. धुळीच्या पलीकडं प्रत्येक जण आपापलं माणूस नावानं हाका मारून शोधत होता. ज्याच्या खांद्यावर लेकरू होतं तो बाप लेकराला पोटाशी धरून शेताच्या दुसऱ्या बांधावर उभा होता. इतक्या लांब तो कधी पोचला ते त्यालाही सांगता आलं नसतं. खाली कुणी नव्हतं. मशीन एक लांबी पुढं सरकली होती म्हणून वाचली. मी जिथं गुडघे टेकून बसलो होतो तिथं खोलीभर माती होती आणि तिच्याखाली माझा सदरा.

मी लिंबाला टेकून बसलो. म्हातारी जवळ आली.

"काय झालं रं?"

"वाढली, माय."

तिनं काठाकडं बघितलं. काठ आता पहिल्यापेक्षा अलीकडं आला होता. मग म्हणाली, "पडली म्हण."

स्वामी आले. पूजा झाली, काठापासून चांगल्या लांब अंतरावर. पंप सुरू झाला. दरम्यान अप्पांनी लोकांना सांगायला सुरुवात केली होती की मिस्तरीनं डोकं लढवलं, लोक ऐकेनात म्हणून मुद्दाम तेल उडवून पळवलं. मी नाही म्हणालो नाही. मान किंचित खाली घातली, जशी मोठी माणसं घालतात.

पण मशीन अजून खालीच होती आणि ओ-रिंग पुन्हा बसवायची होती. मी म्हणालो, रिंग फाट्यावरून आणावी लागेल, उद्या बघू. रिंग माझ्या पँटच्या खिशात होती. अप्पा उद्यावर तयार झाले होते, पण दुसऱ्या अंगाची दरड रात्रीतून आली तर मशीन गेली, असं ऑपरेटर म्हणाला आणि माझ्या खिशाकडं बघितलं. मी हललो नाही. खरंच हलता येत नव्हतं.

म्हातारी उठली. पदर खोचला आणि उतारावरून चालायला लागली. अप्पा मागं धावले तर त्यांना हातानंच थांबवलं. निम्म्या उतारावर, जिथून सगळा काठ दिसतो अशा जागी, ती बसली.

"ये रे मिस्तरी," ती म्हणाली. "मी दरडीकडं बघते, तू तुझ्या कामाकडं बघ. पडायली तर पडायली म्हणते."

त्यानंतर न जाण्याची सोय नव्हती. मी उतरलो. आधी तो बारीक पाइप सोडला, आणि त्याच्या तोंडातून तेलानं काळा झालेला बोळा माझ्या तळहातावर आला. मी मूठ मिटली. ऑपरेटर वाकून बघतच होता. "उस्ताद," तो म्हणाला, "मोटरीला वात लावली हुती का?"

म्हातारीनं तिथूनच ओळखलं. "माझा कापूस," ती म्हणाली. अप्पाही काठावर होते. माझी मोठ्या माणसाची मान आणखी खाली गेली, या वेळी खरी. कुणी काही बोलायच्या आत म्हातारीनं हात पुढं केला, ऑपरेटरकरवी तो बोळा मागून घेतला आणि दरडीवरची नजर न काढता मांडीवर ठेवून दिला.

मी रिंग बसवायला लागलो. दर बोल्टागणिक विचारायचो, "माय?" ती म्हणायची, "हाय अजून. कर." झाकण झालं. "माय?" "हाय." पाइप जोडायच्या आधी मी त्यात फुंकून बघितलं, बोट घालून बघितलं, पुन्हा फुंकलं. ऑपरेटर म्हणाला, आता शिरा की आत.

मशीन चालू झाली. शिट्टी आली नाही. दोन्ही चेन सारख्या फिरल्या आणि पोकलेन हळूहळू उतार चढायला लागली. म्हातारी वाटेतच बसली होती. मी ओरडलो, माय, उठा, मशीन यायलीय. ती उठेना. मला वाटलं, अजून दरडीवर लक्ष ठेवायलीय. जवळ गेलो तेव्हा दिसलं, तिचा चेहरा विभूतीसारखा झाला होता.

"हात दे रं," ती हळूच म्हणाली, अप्पांना ऐकू जाणार नाही असं. "पाय कवाचेच गेलेत माझे."

मी हात दिला. तिच्या दुसऱ्या मुठीत तो तेलकट कापूस होता. आम्ही दोघं एकमेकांना धरून वर आलो. कुणी कुणाला वर काढलं, हे ऑपरेटर फाट्यावर माझ्यापेक्षा वेगळं सांगतो.